गप्प झालो तर

खालून कुणीतरी टकटक केली आणि घार, म्हणजे क्रेन चालवणारी बाई, दचकली. दोनशे फूट उंचावरच्या क्रेनच्या केबिनला दार म्हणजे पायाखालची एक लोखंडी झडप. आणि सहा वर्षांत त्या झडपेवर कुणा माणसाने टकटक केली नव्हती. कावळे येत, काचेवर चोच आपटून आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत आणि हरल्यासारखे उडून जात. माणसाला वर यायचं कारणच काय? जे बोलायचं ते वॉकीटॉकीच्या सेटवर बोलता येतं, आणि वॉकीटॉकीवर जे बोलता येत नाही ते या साइटवर कुणी कुणाशी बोलतच नाही. तिने गुडघे आखडून घेतले, झडप उचलली, आणि आधी तिला दिसला तो हात. डावा हात. कडेला घट्ट धरलेली तीन बोटं, आणि उरलेल्या दोन बोटांच्या जागी ताणून शिवलेली गुळगुळीत गुलाबी कातडी. मग पिवळं हेल्मेट वर आलं, त्याखाली घामाने निथळणारा चेहरा. मुनी. चोपन्न वर्षांचा माणूस, आणि असल्या हाताने दोनशे फूट शिडी चढून आलेला. "दादा, अहो काय हे!" ती म्हणाली, आणि एवढं म्हणून तिने नजर त्या हातावरून काढली, कारण ती दोन बोटं कशी गेली हे जगात दोनच माणसांना नीट माहीत होतं. एक ती स्वतः. दुसरा मुनी नव्हता.

सकाळपासून ती अशी खुशीत होती की काही विचारू नका. आज पूल चढायचा होता. गजर व्हायच्या आधीच ती उठली होती आणि दात घासताना आरशात बघून चक्क हसली होती. अकरा टनांचा लोखंडी पूल, जुन्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरून नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाणारा, सध्या खाली रस्त्यावर लांबलचक ट्रॉलीवर आडवा पडलेला. तो उचलायचा, वळवायचा आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीत असा उतरवायचा की दोन्हीकडे जेमतेम चार बोटं जागा राहील. रस्ता आजच्या रविवारीच आणि दुपारी बारापर्यंतच बंद मिळाला होता. दुपारनंतर वारा सुटणार होता आणि पुढचे दहा दिवस तो थांबणार नव्हता. नव्या इमारतीतली ऑपरेशनची दालनं केव्हाची तयार होऊन बसली होती, आणि आजारी माणसं मात्र स्ट्रेचरवरून, सलाइनची बाटली कुणीतरी वर धरलेली, भर रस्ता ओलांडत होती. रोज वरून ती ते बघायची. एकोणीस वर्षांच्या नोकरीत अशी उचल तिच्या वाट्याला आली नव्हती. एरवी क्रेनवाल्यांना सगळे 'उंटावरून शेळ्या हाकणारे' म्हणतात. आज सगळे माना वर करून उंटाकडे बघणार होते. आणि यातली खरी गंमत, किंवा भीती, म्हणजे ती फट तिला केबिनमधून दिसत नव्हती. जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मध्ये येत होत्या. आंधळी उचल म्हणतात ती ही. खालचा बघणार आणि बोलणार, वरची ऐकणार आणि हलवणार.

खालचा म्हणजे टकळी. सहा वर्षं तोच. तोंडाची टकळी कधी थांबत नाही म्हणून टकळी, आणि हे काम जणू त्याच्यासाठीच निघालं होतं, कारण या धंद्यातला पहिला नियमच असा आहे की माल हलत असताना खालच्याने सतत बोलत राहायचं. तो 'खाली, खाली, खाली' म्हणतोय तोवर खाली. आवाज थांबला की माल थांबला. का थांबला हे विचारायचं नाही, आधी थांबायचं. टकळी मालाबरोबर बोलायचा आणि माल टेकला की सासुरवाडीबद्दल बोलायचा, आणि घारीला कधीकधी वाटायचं की त्याच्या मेहुण्यांची भांडणं आपल्याला आपल्या नणंदेच्या भांडणांपेक्षा जास्त पाठ आहेत. पण काल दिवसभर रंगीत तालीम करताना त्याने इतकी आरडाओरड केली की आज सकाळी त्याचा घसाच बसला. साधासुधा नाही, पार बसला. तोंड उघडलं की नुसती हवा. आज तो फटीपाशी उभं राहून फक्त हाताने मदत करणार होता. साइटच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. परवाना असलेला दुसरा माणूस एकच होता, मुनी. आठ महिन्यांपूर्वी बोटं गेल्यावर मुनीला मालाला पट्टे बांधायचं काम जमेना, म्हणून कंपनीने त्याला इशाऱ्यांचं शिक्षण देऊन परवाना मिळवून दिला होता, आणि मिळाल्यापासून एकदाही तो वापरला गेला नव्हता. कारण मुनी बोलतच नाही. दिवसाला चार शब्द, त्यातले तीन 'हो'. "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं," असं साहेब त्याला नेहमी ऐकवायचे, आणि त्यावर मुनी म्हणायचा, "हो."

केबिनमध्ये दुसरं माणूस मावत नाही. तो झडपेच्या कडेवर टेकला, पाय शिडीवर सोडलेले, धाप लागलेली. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. त्याने एक घोट घेतला आणि चेहरा कसनुसा केला. "नवरा करतो," ती म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून. "त्याला वाटतं मला असाच गोड लागतो. बारा वर्षं झाली. आता कुठं सांगायचं?" मुनी हसला नाही. त्याने बाहेर बघितलं. आपण रोज ज्या जमिनीवर उभे असतो ती वरून कशी दिसते ते बघत असावा. मग तो म्हणाला, "सेटवर सांगता आलं नसतं, ताई. तिथं सगळे ऐकतात." ती वाट बघत राहिली. खालून कुणाच्या तरी हातोड्याचा आवाज येत होता. तोही हातोडा पडून गेल्यावर एका क्षणाने येत होता.

"मी गप्प झालो तर?" तो म्हणाला.

"तर थांबेन की. नियमच आहे तो."

"नियम मला माहीत आहे. मी विचारतोय, मी गप्प झालो तर तुम्ही थांबाल ना?"

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, याला कळलंय. कुणीतरी सांगितलंय. टकळीने? टकळी गावभर सगळं बोलेल, पण हे नाही. पण मुनी तिच्याकडे बघतच नव्हता, तो हातातल्या झाकणात बघत होता, आणि झाकणातच बोलत होता. लहानपणापासून त्याचं असं आहे, की घाबरला की जीभ उचलत नाही. टाळूला चिकटून बसते. एरवी बोलता येतं, सगळ्यांसारखं. पण ती कधी चिकटेल सांगता येत नाही, म्हणून तो बोलतच नाही. "म्हणजे कुणाला कळत नाही, यातलं कुठलं गप्प कुठलं," तो म्हणाला. बायको सोडली तर हे कुणाला ठाऊक नाही. साहेबांना सांगितलं असतं तर आजचं काम रद्द झालं असतं, रस्ता पुन्हा मिळाला नसता, आणि तिकडं ती स्ट्रेचरवरची माणसं. "तेव्हा मी बोलेन. न थांबता बोलेन, घरी बायकोसमोर सराव करून आलोय. पण ऐनवेळी काही झालं तर माझ्या तोंडून 'थांबा' निघणार नाही. गप्प होणं हेच माझं 'थांबा'. एवढं तुमच्या तोंडावर सांगायला आलो."

"कळलं, दादा," ती म्हणाली. तिच्या जिवात थोडा जीव आला होता. त्याला कळलेलं नव्हतं.

"त्या दिवशीही तेच झालं," मुनी म्हणाला. त्याने डावा हात मांडीवर उलटा करून ठेवला, एखादं हत्यार ठेवावं तसा. "माल खाली येताना मला दिसत होता की. टकळीची पाठ होती माझ्याकडं. नुसतं 'ए' ओरडलो असतो तरी तो वळला असता, बटण दाबून त्यानं तुम्हाला थांबवलं असतं. ते शेजारच्या साइटचा आवाज आपल्या सेटवर आला, ते ठीक आहे, ते कुणाच्या हातात नसतं. पण माझी जीभ तर माझ्याच तोंडात होती ना? आपली बोटं आपणच घालवली म्हणायची. दुसऱ्या कुणाला काय बोलणार?" आणि आता मात्र तो जरासा हसला. इतकी वाक्यं त्याने आठ महिन्यांत मिळून बोलली नसतील. आणि हे वाक्य आठ महिने त्याच्याबरोबर उठलं होतं, झोपलं होतं, हे ऐकणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. घारीने तोंड उघडलं. शब्द तयार होते, नुसते सोडायचे होते, केबिनमध्ये तिसरं कुणी नव्हतं, इतकी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. "अजून घेता चहा?" ती म्हणाली.

तो उतरायला लागला तेव्हा तिने झडप लावली नाही. एकेक टप्पा उतरताना त्याचं पिवळं हेल्मेट लहान लहान होत गेलेलं ती बघत राहिली, आणि स्वतःला असं काही बोलत राहिली की ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या साइटचा आवाज! कुठली शेजारची साइट आणि कुठला आवाज? त्या दिवशी सहाव्या मजल्याच्या गच्चीवर लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा उतरत होता, तोही असाच आंधळा. टकळी बोलत होता, खाली, खाली, खाली. मग टकळी थांबला. खालची लाकडी फळी तिरकी पडली होती, दुसरी मागायला तो वळला, आणि पाठ करायची त्याला भीती वाटली नाही, कारण आपण बोलायचे थांबलो म्हणजे माल थांबणार हे त्याला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. मुनीलाही ठाऊक होतं. म्हणून त्याने हात घातला, फळी सरळ करायला. आणि वर तिला, टकळीची बोलायची लय सहा वर्षं कानात मुरलेली, पुढे काय येणार ते ठाऊक होतं. अजून दोनदा 'खाली', मग 'हळू', मग 'बस'. हजारो वेळा ते तसंच झालं होतं. तिने ते ऐकलं. अगदी देवाशप्पथ ऐकलं, टकळीच्याच आवाजात, जरा नाकातून येणाऱ्या. खाली, खाली. आणि तिचा हात पुढे गेला. दोन सेकंद, फार तर अडीच. मग सेटवर जे आलं ते बोलणं नव्हतं.

चौकशीत तिला विचारलं, शेवटी काय ऐकू आलं? "खाली," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. टकळी म्हणाला होता की मी म्हटलं नाही. चौकशीच्या साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग खोलीत कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या रस्त्यावर अजून एक काम चालू आहे, त्यांचे सेट आपल्यासारखेच आहेत, नाही का? आणि ती म्हणाली, "असेल." एवढंच. असेल. टकळीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं. सहा वर्षं तिच्याशी बोलणाऱ्या माणसाला तिचा 'असेल' कळणार नाही? पण तोही म्हणाला, "येतात कधीकधी दुसरीकडचे आवाज." अळीमिळी गुपचिळी. नवे सेट आले, वेगळ्या वाहिनीचे, आणि भिंतीवर एक पाटी लागली. टकळी त्यानंतर दुप्पट बोलायला लागला. मेहुणे, हवामान, दाढदुखी, जगातल्या सगळ्या विषयांवर, त्या एका विषयाच्या कडेकडेने, घरात पसारा असला की माणूस कसा भिंतीला लागून चालतो, तसा. नवऱ्याला तिने घरी येऊन तेच सांगितलं, शेजारच्या साइटचा आवाज. "मला माहीतच होतं तुझी चूक नसणार," तो म्हणाला आणि त्याने तिला जेवायला वाढलं. बारा वर्षांच्या संसारात त्याला तिच्याबद्दल सगळं न विचारताच माहीत असतं. तिला त्या रात्री ओरडून सांगावंसं वाटलं होतं की बाबा रे, एकदा विचार तरी! पण तिने निमूट दोन घास खाल्ले. आणि आता हे. आठ महिने तिला वाटत होतं, आपलं पाप आपल्याजवळ आहे, झाकून ठेवलंय, कुणाला त्याचा त्रास नाही. ते पाप रोज सकाळी मुनीच्या घरी जाऊन बसत होतं आणि त्याला म्हणत होतं, जीभ तुझी, चूक तुझी. उचल झाली की सांगायचं, तिने ठरवलं. आणि ठरवताना तिला हेही कळत होतं, की 'नंतर' हा शब्द आपल्याला फार सोयीचा पडतो.

दहाला पाच कमी असताना सेटवर आवाज आला. "ताई, मुनी बोलतोय. ऐकू येतंय?" आणि सगळ्या साइटवर एकदम हशा पिकला असावा, कारण बटण सुटण्याआधी त्याची खसखस तिला ऐकू आली. येतंय, ती म्हणाली, आणि तिचं काळीज असं धडधडायला लागलं की हसू आवरेना. रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं जमली होती. हॉस्पिटलच्या खिडक्यांत पांढरे कपडे, हिरवे कपडे, एका खिडकीत व्हीलचेअरवरचं कुणीतरी. वाऱ्याचा काटा खाली होता. "वर," मुनी म्हणाला. "वर. वर. वर. पट्टे ताणले. वर. ट्रॉली सुटली. वर. दोन्ही टोकं सारखी आहेत. वर." अकरा टन जमिनीवरून सुटताना क्रेन एकदा सबंध अंगाने मान डोलावते, आणि ते तिच्या पाठीच्या कण्यातून खालपर्यंत गेलं. हे तिला इतकं आवडायचं की याचे पैसे मिळतात याची कधीकधी लाज वाटायची. पूल वर आला, उन्हात चमकला, तिच्या डोळ्यांसमोर सावकाश वळला. एवढी मोठी वस्तू आणि किती शहाण्यासारखी वळत होती! "डावीकडे. डावीकडे. डावीकडे. दोर धरलेले लोक सरकतायत. डावीकडे. छान. डावीकडे."

आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपण ऐकतोय. खरोखरचं ऐकतोय. मुनीला लय नव्हती. टकळीचं बोलणं गाडीच्या चाकांसारखं चालायचं, एकदा बसलं की झोपेतही पुढचं कळावं. मुनी एकेक शब्द उचलून समोर ठेवत होता, आणि पुढचा कुठला ठेवेल याचा काही नेम नव्हता. तीनदा 'डावीकडे', मग मध्येच 'तसंच', मग पाचदा 'डावीकडे', मग "एक कबूतर बसलंय पुलावर, त्याचं काही नाही, डावीकडे". तिला प्रत्येक शब्दाची वाट बघावी लागत होती. कान दुखायची वेळ आली होती आणि अंगात मात्र असा उत्साह भरला होता की वीस वर्षांची असताना पहिल्यांदा केबिनमध्ये बसली तेव्हाही इतका नसेल. बघा ना, ती मनात म्हणाली, कुणाला उद्देशून कोण जाणे, बघा ना, हा माणूस जे दिसतंय तेवढंच सांगतो, आणि मी सांगितलंय तेवढंच करते, आणि अकरा टन हवेतून चालतायत! यात काय अवघड होतं? सहा वर्षं आम्ही काय करत होतो? पूल टाक्यांच्या आड गेला. आधी अर्धा, मग सगळा. आता तिच्यासमोर नुसता दोरखंड होता, वरून येऊन टाक्यांमागे नाहीसा होणारा, आणि कानात मुनी. "खाली. खाली. जुन्या बाजूला चार बोटं. नव्या बाजूला पाच. खाली. खाली. पूल टेकायच्या रबराच्या गाद्यांपासून एक हात. खाली. खाली. अर्धा हात. खाली."

आणि मग काही नाही.

तिचा हात थांबला. निदान ती अशी समजली की थांबला. तिने बघितलं, तर हात माल हलवायच्या दांडीवर होता, दांडी मध्यावर होती, काटा हलत नव्हता. थांबलाय. अर्धा हात राहिला होता. दोनदा 'खाली', मग 'हळू', मग 'बस', आणि झालं. हॉस्पिटलच्या खिडक्यांतल्या माणसांचे हात टाळ्यांसाठी वर आलेले तिला दिसत होते. सेटवर शांतता. दोन सेकंद. चार. त्याच्या बटणाचं काही झालं असेल. घामाने निसटलं असेल, तीन बोटांचा हात तो. सात सेकंद. आणि तेवढ्यात तिला ते ऐकू आलं, स्वच्छ, कानाशी, नाकातून येणाऱ्या आवाजात. खाली. तिची बोटं आवळली गेली. खाली. टकळीचा आवाज, यात काही शंकाच नाही. आणि मग तिला आठवलं, टकळीला आज आवाजच नव्हता. टकळीच्या घशात आज नुसती हवा होती. हा आवाज जगात कुठेही नव्हता, ना या सेटवर, ना कुठल्या शेजारच्या साइटवर, तो इथे होता, हेल्मेटच्या आत, आणि त्या दिवशीही तो इथेच होता. तिने दांडीवरून हात काढला. काढून मांडीखाली दाबून धरला, लहान मुलं धरतात तसा.

"काय झालं? का थांबलात?" हे साहेब, रस्त्यावरून, त्यांनाही फट दिसत नव्हती. "ताई, वारा वाढतोय. अर्धा हात राहिलाय ना, घ्या की खाली!"

तिने डाव्या हाताने बटण दाबलं. "मुनीदादा बोलल्याशिवाय हलणार नाही."

"अहो, त्याचा सेट बंद पडला असेल!"

"मग चालू होऊ दे."

वाऱ्याचा काटा खरंच वर सरकत होता. दोरखंड किंचित गुणगुणायला लागला होता. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तिला आज कळलं, तो अकरा टन पेलणाऱ्या क्रेनच्या हुकाला लागतो. सोळा सेकंद, वीस, सव्वीस. साहेब काहीतरी बोलत होते आणि ती ते ऐकत नव्हती. ती मुनीचं गप्प ऐकत होती, कान लावून, गप्पातला प्रत्येक क्षण, आणि त्यात तिला आता दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तिचं तिलाच नवल वाटलं, की आपल्याला भीती वाटत नाहीये. भीतीच्या पलीकडचं, जवळजवळ आनंदासारखं काहीतरी छातीत भरून आलं होतं. थांबता येतं तर! एवढं सोपं होतं तर! आणि मग सेट खरखरला, आणि धापा टाकणारा मुनी, शब्द एकेक ओढून काढत, म्हणाला, "ताई. टकळी. नव्या बाजूची गादी सरकली होती. त्यानं हात घातला. सरळ करायला. कोपरापर्यंत आत होता. त्याला ओरडता येत नव्हतं, मला बोलता येत नव्हतं. पळत जाऊन ओढला. बाहेर आहे. दोन्ही हात मोजले त्याचे." थोडा वेळ नुसता श्वास. "खाली. खाली. खाली. हळू. खाली. बस."

पूल टेकला. ते तिला मुनीच्या शब्दांच्या आधी दोरखंडातून कळलं, आणि तरी तिने त्याच्या शब्दाची वाट बघितली. मग खालून जो गलका उठला तो दोनशे फूट वर, काच बंद असताना, तिच्यापर्यंत आला. खिडक्यांतले हिरवे कपडे नाचत होते. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. टकळीचा हात. कोपरापर्यंत. त्याने का घातला ते तिला पुरतं कळत होतं. त्याला वाटलं, मुनी गप्प झाला तर ती थांबेल. तिच्याबद्दल सगळं माहीत असून त्याला तसं वाटलं. साहेब सेटवर अभिनंदन करत होते, नंतर खाली या, सगळे मिळून चहा घेऊ म्हणत होते. नंतर. हा शब्द ऐकला आणि तिने बटण दाबलं. हा सेट साइटवरच्या प्रत्येक कमरेला लटकलेला असतो, हे तिला माहीत होतं. म्हणूनच दाबलं.

"मुनीदादा," ती म्हणाली, "त्या दिवशी शेजारच्या साइटचा आवाज नव्हता. कुणाचाच आवाज नव्हता. टकळी गप्प झाला होता आणि मी थांबले नाही. तुमची जीभ नव्हती हो ती. माझा हात होता."

तिने बटण सोडलं. गलका चालूच होता. कुणीतरी शिट्ट्या वाजवत होतं. सेटवर मात्र साहेब नाहीत, कुणीच नाही. आता नोकरी जाईल, तिने मनात म्हणून बघितलं, आणि ते वाक्य आपल्याबद्दल आहे असं तिला वाटेना. घरी नवऱ्याला सांगायला लागेल, तो विचारो न विचारो. मुनी काय म्हणेल, एवढाच एक प्रश्न उरला होता. दोरखंड आता सैल पडला होता. टाक्यांच्या पलीकडे कुठेतरी एक माणूस आपला हात बघत उभा असेल, किंवा बघत नसेल, तिला इथून काहीच दिसत नव्हतं.

"मला ऐकू आलं," शेवटी मुनी म्हणाला. आवाजात काही नव्हतं, ना राग, ना माफी. "पण बाकी कुणी ऐकलं नाही. इथं नुसता गोंधळ चाललाय. थांबा जरा, ताई." आणि बटण दाबलेलंच ठेवून, सेट तोंडापासून लांब धरून, चोपन्न वर्षांच्या त्या माणसाने असा आवाज काढला की तिचा सेट चरचरला. "ए! गप्प बसा सगळे!"

टाळ्या थांबल्या. शिट्ट्या थांबल्या. खिडक्यांतले लोकसुद्धा थांबले, काय झालं ते बघायला वाकले. तिला आपल्याच नाकातला श्वास ऐकू येऊ लागला.

"हं," मुनी म्हणाला. "आता पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

तिने बटण दाबलं आणि सांगायला सुरुवात केली.